पळणाऱ्या लेकराचा फोटो

कॅमेरा घ्यायला दुकानात गेलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘किती मेगापिक्सेलचा?’’ माझं म्हणणं असं, की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा. आपल्याला फोटो कुणाचे काढायचे आहेत, बसलेल्या माणसांचे की पळणाऱ्या?

‘हातात मोबाइल असताना वेगळा कॅमेरा कशाला?’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते अगदीच चूक नाही. जगानेही तेच ठरवलं. २०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली आला. वाढदिवसाचा केक, हळदीकुंकू, ओवाळणी यांना मोबाइल पुरतो. तेवढ्यासाठी पैसे घालवू नका.

पण माहुलमध्ये बायकांच्या गटांबरोबर काम करताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. मोबाइल एकाचा असतो, घराचा नसतो. चांगला मोबाइल बहुधा नवऱ्याकडे, नाहीतर मोठ्या मुलाकडे. तो कामावर गेला की मुलीच्या शाळेतल्या कबड्डीचे फोटो काढणार कोण? शिवाय मोबाइल बिघडला, हरवला की दोन-तीन वर्षांचे फोटोही गेले. तानसा जलवाहिनीच्या काठची घरं २०१७ मध्ये पाडली गेली, तेव्हा पुष्कळ कुटुंबं माहुलच्या इमारतींत आली. त्यांची जुनी गल्ली, जुना उंबरठा आता फक्त फोटोत उरला आहे. तोही ज्यांनी कागदावर काढून डब्यात जपला त्यांच्याकडेच. म्हणून मला वाटतं, घराला घराचा असा एक छोटा कॅमेरा असावा. कपाटात ठेवलेला, ज्याला हवा त्याने उचलावा असा.

आता तो निवडायचा कसा? साधा हिशोब करू. सात-आठ वर्षांचं मूल पळताना सेकंदाला तीन मीटर सहज जातं. कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतकं उघडं राहिलं, तर तेवढ्यात ते पाच सेंटिमीटर पुढे सरकतं, म्हणजे फोटोत चेहऱ्याच्या जागी नुसता फराटा. तेच शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागात मिटलं, तर मूल जेमतेम सहा मिलिमीटर हलतं आणि चेहरा ओळखू येतो. म्हणून शटरचा वेग आपल्याला ठरवता येतो का, ते विचारा. बटणाच्या चकतीवर ‘एस’ किंवा ‘टीव्ही’ हे अक्षर असतं. ते नसेल तर निदान पळणाऱ्या माणसाचं चित्र असलेला खेळाचा मोड हवा.

शटर झटकन मिटायचं तर उजेड भरपूर लागतो. भिंगावर ‘एफ’ लिहून पुढे आकडा असतो. तो जितका लहान तितका उजेड जास्त. एफ १.८ चं भिंग एफ ३.६ च्या चौपट उजेड आत घेतं. माहुलच्या इमारती एकमेकींना इतक्या खेटून आहेत, की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा घरात साध्या कॅमेऱ्याने काढलेले फोटो हलणारच.

मैदानावर उजेडाची ददात नाही, तिथे अडचण अंतराची. थंडीत शिवडी-माहुलच्या खाडीतल्या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, हजारोंनी येतात. लेकरं हट्टाने फोटो काढायला लावतात आणि मोबाइलवर उमटतात ते नुसते गुलाबी ठिपके. इथे ऑप्टिकल झूम हवा, कारण त्यात भिंगच पुढे सरकतं. डिजिटल झूम म्हणजे काढलेला फोटो कात्रीने कापून मोठा करणं, त्याला भुलू नका. पण लांब झूमचं भिंग बहुधा उजेड कमी घेतं. दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी जमवणारे, एक इंची सेन्सरचे नवे छोटे कॅमेरे आहेत, मात्र त्यांची किंमत ५० हजारांच्या वर जाते. कर्ज काढून ते घ्यावेत असं मी कुणाला सांगणार नाही.

माझं मत विचाराल तर घरासाठी १० पट ऑप्टिकल झूमचा साधा कॅमेरा घ्या. संध्याकाळी घरातल्या फोटोंसाठी मोबाइल घरी आलेला असतोच. मैदान, सहल, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, दहीहंडी, जिथे माणसं हलतात आणि लांब असतात, तिथे कॅमेऱ्याला काम द्या.

आणि मेगापिक्सेल? अल्बममधला चार बाय सहा इंचांचा फोटो उत्तम छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. भिंतीवरच्या आठ बाय बाराच्या फोटोला नऊसुद्धा लागत नाहीत. त्यापुढच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

जुना कॅमेरा घ्यायलाही हरकत नाही. कॅननचे इक्सस, निकॉनचे कूलपिक्स, सोनीचे सायबरशॉट अजून फिरतात. फक्त कार्ड कुठलं लागतं ते बघा. एसडी कार्ड कुठेही मिळतं. एक्सडी किंवा मेमरी स्टिक असेल तर शोधत फिरावं लागेल. त्याची बॅटरी अजून मिळते का, तेही आधीच विचारा. घेण्याआधी दुकानातच परीक्षा घ्या. फ्लॅश बंद करून मुलाला दारापर्यंत पळायला सांगा, फोटो काढा आणि तो पडद्यावर मोठा करून चेहरा बघा. बटण दाबल्यावर किती वेळाने फोटो निघतो, तेही कळेल. बटण आधी अर्धं दाबून धरलं आणि मूल टप्प्यात आल्यावर पूर्ण दाबलं, की हा उशीर बराच कमी होतो.

‘‘आम्हाला नाही बाई जमायचं ते यंत्र,’’ असं काही जणी म्हणतात. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन त्या वृत्तपत्रांसाठी फोटो काढत. त्यांच्या काळी फिल्मचा प्रत्येक फोटो मोजून काढावा लागे. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला तर नको तो फोटो पुसूनही टाकता येतो.

कॅमेरा घराचा झाला की आणखी एक होतं. आज आपण काढतो म्हणून आपणच फोटोत नसतो. मुलीला शिकवा, मुलाला शिकवा, सासूबाईंच्याही हातात द्या. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, निवडक पन्नास फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणा आणि मागे तारीख, नावं लिहा. आपली नातवंडं उद्या अल्बम उघडतील, तेव्हा त्यात पळणारे आईबाबा सापडावेत, आणि त्यांच्यामागे धावणारी आजीही.