जुनी जीप, चोख व्यवहार

जुन्या महिंद्रा जीप, १९८५ साली आलेली मारुती जिप्सी यांना आज हौशी गिऱ्हाईक आहे. वस्तीतील मुले त्या घेतात, दुरुस्त करून विकतात. आम्हाला त्यांचे कौतुक आहे. पण हिशेब वहीत मांडा : खरेदी, पत्रा-रंग, इंजिनकाम, १५ वर्षांनंतरची फेरनोंदणी. उरेल तोच नफा.

सह्या केलेले कोरे फॉर्म घेऊन गाडी हातोहात फिरवू नका. २९ व ३० नंबरचे फॉर्म भरून नाव बदला. विमा नसताना अपघात झाला तर भरपाई नोंदणीत नाव असलेल्या मालकावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. त्या भरपाईत एखाद्या गरीब विक्रेत्याचे घर जाईल.

गंज रंगाखाली लपवू नका. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच. जयभीम!