मांजराचे दंतधावन

शाळेच्या वार्षिकात मांजराच्या दातांविषयी लेख पाहून कित्येक पालकांस हसू येईल, हे आम्ही जाणतो. आम्हांस ओट्यावर मांजर मांडीवर घेऊन बसलेले पाहून शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी परवाच शेरा मारला, "मास्तर, लेकरांच्या दाताला ब्रश मिळंना, अन् तुम्ही मांजरीचे दात घासायलात!" शेरा झोंबला, कारण तो अगदीच खोटा नव्हता. त्यास उत्तर पुढे देऊच. तूर्त एवढेच सांगतो की, काही वर्षांपूर्वी आम्हीही त्यांच्याप्रमाणेच हसलो असतो.

गेल्या वर्षी सातवीच्या वर्गास आम्ही 'आमचे मांजर' हा निबंध घातला होता. गोरेगावासारख्या शेतकऱ्यांच्या गावी सोयाबीन, तूर, ज्वारी घरात येऊन पडते. धान्यामागे उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. त्यामुळे मुलांस लिहावयास पुष्कळ होते. एकाने लिहिले की, मांजर उंदीर खाते म्हणून त्याच्या तोंडास घाण येते. हे वाक्य वाचून दाखविताच साऱ्या वर्गाने माना डोलाविल्या. आम्ही त्याखाली तांबडी रेघ मारली खरी, परंतु मारताना हात अडखळला. कारण हीच समजूत उराशी धरून आम्ही स्वतः एका मुक्या प्राण्याचे हाल केले होते.

आमच्या घरी एक भुरा बोका होता. नऊ वर्षांचा झाला तेव्हा त्याने भाकरीचा तुकडा मोडणे सोडले. दूध मात्र चाटी. खाताना मान एका बाजूस कलती करी, तोंडातून लाळ गळे, अंगावरचे केस चाटून नीट ठेवण्याची त्याची सवय सुटली. आम्ही म्हटले, म्हातारा झाला, लाडावलाही आहे. आमच्या कुटुंबाने दोनदा सुचविले की याचे काही तरी बिनसले आहे. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिका पुढ्यात असताना बोक्याच्या भुकेची चौकशी कोण करतो! पुढे एके दिवशी तो ताटलीपाशी आला, वास घेतला, एक घास तोंडात धरला आणि कोणी मारल्यासारखा किंचाळून पळाला. तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले.

पशुवैद्यांनी त्याचा ओठ वर उचलून दाखविला. हिरड्या कच्च्या मांसासारख्या लाल झाल्या होत्या, दाढांवर तपकिरी दगडासारखा थर बसला होता, आणि एक दात बोट लावताच हलत होता. गुंगी देऊन त्याचे चार दात काढावे लागले. हे दुखणे वर्षभराचे तरी असावे, असे ते म्हणाले. ते वर्षभर तो बोका रोज रात्री आमच्या पायांशी निजत होता. दात गेल्यावर मात्र तो भाकरी पुन्हा खाऊ लागला व आणखी दोन वर्षे जगला.

याच प्रसंगी आमच्या हातून एक अनर्थ घडता घडता टळला, तो पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावा. दवाखान्यात नेण्यापूर्वी, दुखत असेल बिचाऱ्यास, म्हणून पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधात कालवून देण्याचे आम्ही योजिले होते. वाटीही काढली होती. मनुष्याच्या घरोघरी असणारी ही गोळी मांजरास विषासमान आहे. ती पचवून निरुपद्रवी करण्याची शक्ती मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट होते, हिरड्या काळसर पडतात, आणि एकच गोळी त्याचा जीव घेण्यास पुरते. दाढदुखीवर आपण लावतो ते लवंगेचे तेलही त्याच कारणाने मांजरास वर्ज्य समजावे.

आता दातांकडे वळू. मोठ्या मांजरास तीस दात असतात, वर सोळा व खाली चौदा. पिलास दुधाचे सव्वीस असतात व ते सहा महिन्यांच्या आत पडून जातात. मनुष्यास होते तशी दातांची कीड मांजरास सहसा होत नाही. त्याचे दुखणे हिरड्यांचे. अन्नाचा व जंतूंचा चिकट थर दातांवर रोज बसतो. तो पुसला न गेल्यास लाळेतील क्षारांनी दोन-तीन दिवसांत कठीण होऊ लागतो, आणि एकदा का त्याचा दगड झाला की ब्रशाने निघत नाही. मग हिरडी सुजते, दातापासून सुटते, मुळाभोवतीचे हाड झिजते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मार्जार-आरोग्य केंद्र सांगते की, चार वर्षांवरील मांजरांपैकी शेकडा ५० ते ९० मांजरांस दातांचे काही ना काही दुखणे असते.

कोणी म्हणेल, रानातल्या मांजरांचे दात कोण घासतो? आम्हांसही ही शंका आली होती. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकास मॅरियन नावाचे ओसाड बेट आहे. तेथील हवामान केंद्रात उंदीर मातले म्हणून १९४९ साली पाच मांजरे नेण्यात आली. त्यांची प्रजा वाढून रानटी झाली व समुद्रपक्ष्यांवर जगू लागली. पुढे पक्ष्यांच्या रक्षणासाठी ती सर्व मांजरे नाहीशी करण्यात आली. त्यांच्या कवट्या तपासल्या तेव्हा हिरड्यांच्या रोगाच्या खुणा त्यांतही पुष्कळ आढळल्या. रानातले मांजर निरोगी असते असे नव्हे; ते आपल्या दृष्टीआड मरते, इतकेच. एकट्याने शिकार करणारा प्राणी दुखणे दाखवीत नाही, कारण दाखविलेले दुखणे शत्रूस आमंत्रण ठरते. तुमच्या-आमच्या चुलीजवळ निजणाऱ्या मांजराने ही खोड अद्याप सोडलेली नाही.

बोक्याच्या पश्चात मनी नावाचे पिलू घरात आले, आणि या खेपेस चूक करावयाची नाही असा आम्ही निश्चय केला. निश्चय चांगला होता. रीत अगदी वाईट. पहिल्याच दिवशी तिला टॉवेलात गुंडाळले, कुटुंबाने मान धरली आणि आम्ही ब्रश घातला. अर्ध्या मिनिटात आमच्या मनगटावर तीन ओरखडे, ब्रश मोरीत आणि मनी कौलांवर. पुढे आठ दिवस ती आमच्या वाऱ्यासही उभी राहिली नाही. टॉवेल वाळत घातलेला दिसला तरी पळे. आमच्याच जिल्ह्यात नर्सी आहे. तेथील नामदेवांची गोष्ट येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते: कुत्र्याने भाकरी पळविली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. ख्रिस्ती घरात वाढलेल्या आम्हांसही ती लहानपणापासून प्रिय आहे. आम्ही मात्र ब्रश घेऊन धावलो, आणि हेतू शुद्ध असल्याने मनीने समजून घ्यावे अशी अपेक्षा करीत राहिलो!

येथे आम्ही आमचे मत स्पष्ट सांगतो. दुसऱ्याच्या हितासाठी केलेली बळजबरी ही बळजबरीच होय, आणि जिच्यावर ती होते तिला त्यातील हित दिसत नाही, बळच दिसते. शास्त्रात बलामाच्या गाढवीची कथा आहे. ती वाटेत अडून बसली म्हणून धन्याने तिला तीनदा मारले; तिला जे दिसत होते ते धन्यास दिसत नव्हते. (पवित्र शास्त्रात सिंह आहे, गाढव आहे, चिमणी आहे, आमच्या छापील प्रतीत मांजर मात्र कोठे सापडत नाही, याचे मुलांस फार वाईट वाटते.) आम्हां शिक्षकांस तर ही खोड जुनीच. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वर्गातून छडी गेली. परंतु जे मूल वाचावयास बुजते त्यास सर्वांदेखत उभे करून, "वाच, तुझ्याच भल्याचे आहे," असे म्हणणे गेले काय? त्याचीही मान आम्ही टॉवेलात धरतोच. मनीने कौलांवरून आमच्याकडे पाहिले, तशी पाहणारी मुले आम्हांस आठवली. असो.

पुन्हा आरंभ केला तो ब्रशावाचून. कोंबडीचे अळणी पाणी काढून त्यात बोट बुडविले व तिच्यापुढे धरले, तिने चाटले. त्यात मीठ नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको; ते मांजरास विषारी आहेत. चार दिवस एवढेच. मग तेच बोट ओठाच्या कडेवरून फिरविले, मग ओठाच्या आत. बोटास तलम फडके गुंडाळण्यापर्यंत तीन आठवडे गेले. लहान मुलांचा अगदी मऊ ब्रश आला तो दीड महिन्याने, आणि पहिले दोन दिवस तो तिने नुसता चाटावा म्हणून ठेवला होता. तिने मान वळविली की त्या दिवसाचे काम संपले, हा नियम आम्ही पाळला. तो पाळणे मनीपेक्षा आम्हांस अधिक कठीण गेले.

काम वस्तुतः थोडे असते. जबडा उघडावा लागत नाही. आतली बाजू मांजराची खरखरीत जीभ बरीचशी स्वच्छ ठेवते. ओठ किंचित उचलून दातांची बाहेरची बाजू तेवढी, हिरडीच्या कडेशी ब्रश तिरका धरून घासावी. वरच्या मागील दाढांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण थर तेथे अधिक बसतो. अर्धे मिनिट पुरते. परंतु ते शक्यतो रोज हवे. आपली टूथपेस्ट वापरू नये. मांजरास थुंकता येत नाही, आणि त्यातील फ्लोराइड व फेस पोटात जाणे बरे नव्हे. पेस्टीचा गोडवाही वायाच जातो. मांजरास गोड चव कळतच नाही, त्या चवीचा ग्राहक घडविणारे जनुक त्याच्यात निकामी आहे, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. मांजरांसाठीच केलेली, गिळली तरी चालणारी पेस्ट मिळते. न मिळाल्यास नुसता ओला ब्रशही काही काम करतो. आमचा जिल्हा हळदीचा. तेव्हा हळद-मीठ लावा, असा सल्ला आम्हांस चौघांनी दिला. मीठ तर लावूच नये, आणि पिवळ्या मिशांचे मांजर आम्हांस बघवणार नाही.

मुलांनी हे काम मोठ्यांवाचून करू नये. हिरड्या आधीच लाल असतील, तोंडास उग्र दर्प असेल, लाळ गळत असेल, तर ब्रशाने वेदना वाढतील. प्रथम पशुवैद्यांस दाखवावे. गावच्या दवाखान्यात गाई-म्हशींची गर्दी असते हे खरे, परंतु परभणीस १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तेथवर जाता येते. आणि मांजर चावलेच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरी सांगितले तर रागावतील, या भयाने चावा लपवू नये; रेबीज झाल्यावर उपाय नाही.

आता शेजारच्या गृहस्थांस उत्तर. त्यांचा आक्षेप आम्हांस पुरता खोडता येत नाही. आमच्या वर्गांत अशी मुले आहेत की त्यांच्या घरी ब्रश नाही. अशा माता आहेत की ज्या मिश्रीस दंतमंजन समजतात, आणि ती तंबाखू आहे हे मुलींस सांगत नाहीत. लेकरू व मांजर यांत निवड करणेच भाग पडले तर लेकरू आधी, यात आम्हांस संशय नाही. परंतु ज्या घरी मांजराच्या दातांकडे लक्ष जात नाही त्या घरी ते लक्ष लेकरांच्या दातांकडे जाते, असे आम्ही वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेले नाही. लेकरू निदान रडते, गाल धरून बसते, दाढ दुखते म्हणून सांगते. आमच्या बोक्याने वर्षभर काही सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी आम्ही उत्तरपत्रिकांतून मान वर केली असती की नाही, कोण जाणे.

मनी आता दोन वर्षांची आहे. रात्रीची भांडी झाली की ती आपण होऊन ओट्यावर येऊन बसते. ब्रशासाठी नव्हे, त्यानंतर मिळणाऱ्या कोंबडीच्या तुकड्यासाठी, हे आम्ही ओळखून आहोत. उजव्या बाजूच्या दाढा ती मुकाट्याने घासू देते. डावीकडे हात गेला की मान वळविते, आणि नियमाप्रमाणे आम्ही थांबतो. त्या बाजूस अद्याप नुसते फडके फिरते. पुढील अंकापर्यंत काय होते ते पाहू.