मराठीची फाइल कोठे हरवते?

पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांतील अनेक घरांत एक गोष्ट आढळते, जिच्याकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष सहसा जात नाही. घरातील पुरुष हिंदी माध्यमाच्या शाळेत शिकलेला असतो. आणि घरात आलेली सून वरूड, काटोल, नरखेड अशा सीमेपलीकडच्या मुलखातील, म्हणजे मराठी शाळेत शिकलेली असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. तथापि सोयरिकी काही पुनर्रचना आयोगाला विचारून होत नाहीत. परिणाम असा की, एका छपराखाली बोलणे एक आणि वाचण्यालिहिण्याच्या सवयी दोन. लिपी एकच असल्यामुळे हा भेद झाकून राहतो एवढेच. संत्र्याच्या बागेचा हिशेब वहीत लिहिणारा हात पुष्कळदा त्या सुनेचा असतो, आणि फोन मात्र नवऱ्याचा, हिंदीत लावलेला.

आमचा एक माजी विद्यार्थी नागपुरास संगणकाचे शिक्षण घेतो. ही बागेची वही फोनवर आणावी, असे त्याने मनावर घेतले. फवारणी कोणत्या दिवशी केली, बागेला ताण केव्हा दिला, आंबिया बहाराचे किती कॅरेट निघाले, मृगाचे किती, मजुरी किती गेली, एवढीच नोंद. दिवाळीच्या सुटीत तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, प्रोग्रामचे मी पाहतो, मराठीचे तेवढे तुम्ही तपासून द्या.” आम्हांस वाटले, शुद्धलेखनाच्या चार चुका काढून द्याव्यात आणि मोकळे व्हावे. परंतु चार दिवस त्याच्याशेजारी बसल्यावर ध्यानात आले की, या धंद्यात भाषा आणि मांडणी यांची फारकत करता येत नाही. मराठीतील वाक्य कितीही निर्दोष असले, तरी ते कोणत्या कप्प्यात ठेवले आणि त्या कप्प्याला बाहेर जाण्याची परवानगी कोणी दिली, यावर सर्व अवलंबून असते. आमच्या वाचकांची मुले आज घरोघर हेच शिक्षण घेत आहेत. म्हणून या महिन्याचे पान त्या कप्प्यांसाठी.

अँड्रॉइड स्टुडिओ हे गूगलचे साधन. २०१३ साली ते जाहीर झाले आणि डिसेंबर २०१४ मध्ये त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली. ते उघडले की डाव्या बाजूस प्रकल्पाचा वृक्ष दिसतो. त्यात स्थूलमानाने तीन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्राम. दुसरी, ‘रेस’ नावाचे फोल्डर. त्यात चित्रे, पडद्याची मांडणी, रंग आणि पडद्यावर उमटणारा प्रत्येक शब्द. तिसरी, ‘ग्रेडल’च्या फाइली, ज्यांत हे सगळे एकत्र बांधून ॲप कसे तयार करावयाचे याच्या सूचना. शब्दांची फाइल ‘स्ट्रिंग्ज’ या नावाची असते. तिच्यात प्रत्येक वाक्याला एक खुणेचे नाव दिलेले असते, आणि प्रोग्राम त्या नावानेच वाक्य मागवितो. वाक्यात काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. आमच्या शाळेतील दाखिल-खारिज रजिस्टर असेच आहे. मुलाचा क्रमांक सर्व कागदांवर फिरतो, नाव मात्र एकाच ठिकाणी लिहिलेले असते. तेथे दुरुस्त झाले की पुरते.

याचे महत्त्व त्या मुलाला जिल्ह्याच्या नावाने कळले. पहिला कच्चा आराखडा त्याने कॉलेजातील गृहपाठ म्हणून केला होता आणि त्यात ‘जिल्हा छिंदवाडा’ हे शब्द फाइलीत न ठेवता ठिकठिकाणी पडद्यावरच टाइप केले होते. २०२३ साली पांढुर्णा आणि सौसर मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. मग एका पडद्यावर नवा जिल्हा आणि पुढच्यावर जुना, असा प्रकार सुरू झाला. शब्द फाइलीत असते, तर बदल एका ओळीचा होता. याच संदर्भात त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली, तीही सांगितली पाहिजे. प्रत्येक ॲपला ‘ॲप्लिकेशन आयडी’ म्हणून एक ओळखनाम असते. प्ले स्टोअरवर एकदा प्रसिद्ध केल्यावर ते जन्मभर बदलता येत नाही. बदलले तर ते नवेच ॲप ठरते. नमुन्यादाखल आपोआप येणारे ‘कॉम डॉट एक्झाम्पल’ तर प्ले स्टोअर स्वीकारीतच नाही. मुलाने त्या नावात जिल्हा, तालुका काहीच घातले नाही. जिल्हे बदलतात हे त्याने पाहिले होते.

आता भाषेकडे वळू. मूळ शब्दफाइल ‘व्हॅल्यूज’ या फोल्डरात असते. हिंदीसाठी त्याच्या शेजारी ‘व्हॅल्यूज-एचआय’ आणि मराठीसाठी ‘व्हॅल्यूज-एमआर’ अशी फोल्डरे करावयाची. ‘एमआर’ हा आपल्या भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत. फोन ज्या भाषेत लावलेला असेल तिचे फोल्डर प्रथम पाहिले जाते, आणि तेथे एखादे वाक्य सापडले नाही तर ते मूळ फोल्डरातून उचलले जाते. मूळ फोल्डरातही नसेल, तर ॲप जागच्या जागी बंद पडते. म्हणून मूळ फाइल संपूर्ण असणे ही पहिली अट. या मुलाने मूळ फाइल इंग्रजीत ठेवली होती आणि मराठीत काही ओळी राहून गेल्या होत्या. सबंध मराठी पडद्यावर मधेच एक ‘कॅन्सल’ उभा, जणू लग्नाच्या पंगतीत चुकून येऊन बसलेला परका पाहुणा. अशा सुटलेल्या ओळी शोधण्यासाठी स्टुडिओत ‘ट्रान्सलेशन्स एडिटर’ आहे. त्यात सर्व भाषा तक्त्यासारख्या शेजारी शेजारी दिसतात आणि उणीव असलेले नाव तांबड्या रंगात येते. शिक्षकाला तांबडी शाई लगेच ओळखू येते. हे काम एका संध्याकाळी उरकले.

खरी अडचण पुढेच होती. लॅपटॉपवर सारे ठीक चालले. केबल लावून फोनवर घातले, तरी ठीक. पडद्यावर ‘मराठी’ असे बटण केले होते, ते दाबताच सर्व शब्द मराठीत येत. मग त्याने ते रीतसर प्ले स्टोअरवर चढविले, घरच्या फोनवर तेथून उतरविले, आणि आईच्या हाती दिले. तिने मराठीचे बटण दाबले. काही झाले नाही, सगळे इंग्रजीत. पुन्हा दाबले, तेच. “तुझी मराठी रस्त्यात कोठे सांडली का रे?” असे ती म्हणाली, आणि माउलीने निदान अचूक केले होते. मराठी रस्त्यातच राहिली होती.

कारण असे. ऑगस्ट २०२१ पासून नवे ॲप प्ले स्टोअरवर ‘बंडल’ या रूपातच द्यावे लागते. त्या गाठोड्यात सर्व भाषा असतात. परंतु ग्राहकाला सबंध गाठोडे न पाठविता, त्याच्या फोनच्या सेटिंगमध्ये ज्या भाषा असतील तेवढ्याच भाषांचे सामान पाठविले जाते. हेतू चांगला आहे. उतरवायला वेळ कमी लागतो, फोनमधील जागा वाचते. परंतु यामागे एक गृहीतक आहे की, फोनची भाषा तीच माणसाची भाषा. पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या घरात ते बहुधा खरे ठरेल. आमच्याकडे फोन हिंदीत, म्हणून हिंदीचे सामान आले आणि मराठीचे गाठोड्यातच राहिले. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आमच्या वाचकांच्या घरी फोनची भाषा कोणती आहे, ते त्यांनीच पाहावे. भाषेला २०२४ च्या ऑक्टोबरात अभिजात दर्जा मिळाला, याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ग्रेडलच्या फाइलीला तो निर्णय अद्याप कळलेला नाही.

उपाय सोपा निघाला. ग्रेडलच्या फाइलीत ‘बंडल’ या सदराखाली ‘लँग्वेज’ असे उपसदर असते. तेथे ‘एनेबल स्प्लिट’ ही सूचना ‘फॉल्स’ करावयाची, म्हणजे भाषांची विभागणी होत नाही व सर्व भाषा सर्वांकडे जातात. हिशेबाच्या वहीत शब्द ते किती. त्याने ॲपचे वजन काही वाढत नाही. त्याच फाइलीत आणखी एक जागा तपासून घ्यावी. तेथे भाषांची यादी देता येते, आणि यादीत नसलेली प्रत्येक भाषा बांधणीच्या वेळीच गाळली जाते. कोणा दुसऱ्याचा नमुना प्रकल्प उतरवून घेतला आणि त्यात इंग्रजी व हिंदी एवढीच यादी असली, तर मराठीची फाइल डोळ्यांसमोर असूनही ॲपमध्ये जात नाही, आणि स्टुडिओ त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही.

ज्यांना ॲप करावयाचे नाही, फक्त वापरावयाचे आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०१६ च्या सातव्या अँड्रॉइडपासून फोनमध्ये एकापेक्षा अधिक भाषा क्रमाने लावता येतात. हिंदीखाली मराठी दुसरी म्हणून लावून ठेवली, तर मराठीचे सामानही फोनकडे येते. आणि २०२२ च्या तेराव्या अँड्रॉइडपासून एखाद्या ॲपपुरती भाषा निराळी ठेवण्याची सोय आहे, जर ते ॲप करणाराने आपल्या भाषांची यादी जाहीर केली असेल तर.

व्याकरणाची गोष्ट अजून राहिली, आणि ती आमच्या जिव्हाळ्याची. ॲपमधील वाक्यांत रिकाम्या जागा असतात. तेथे प्रोग्राम नाव किंवा संख्या भरतो. मुलाने लिहिले होते: रिकामी जागा, तिला चिकटून ‘ला’, मग ‘माल पाठविला’. गावाचे नाव सौसर असेल तर ‘सौसरला माल पाठविला’, ठीक. पांढुर्णा आले की ‘पांढुर्णाला’. आमच्या पाचवीतील मुलालाही हे खटकेल, कारण तो ‘पांढुर्ण्याला’ म्हणतो. सामान्यरूप म्हणजे काय हे त्याला सांगता येणार नाही, पण त्याच्या कानाला ते ठाऊक आहे. इंग्रजीत नामाला शब्दयोगी शब्द चिकटत नाहीत, म्हणून तेथे रिकामी जागा निर्धास्तपणे ठेवता येते. मराठीत ती ठेवली की नाम आतून बदलते. यावर दोन मार्ग आहेत. प्रत्येक गावाची दोन रूपे फाइलीत ठेवावीत, किंवा वाक्यच असे करावे की नाम प्रथमेत राहील: ‘बाजार : पांढुर्णा’. आम्ही दुसरा मार्ग सुचविला. अनेकवचनासाठी ‘प्लुरल्स’ नावाची वेगळी नोंद असते. ‘१ फवारणी’ आणि ‘३ फवारण्या’ ही दोन्ही रूपे तेथे लिहून द्यावीत. शब्दाला प्रत्यय जोडण्याचे काम प्रोग्रामकडे कधीही देऊ नये.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द तर हटकून बिघडतो. हिंदी कीबोर्डवर ‘ऱ’ सहज सापडत नाही, मग टाइप करणारा साधा ‘र’ वापरतो आणि ‘शेतकर्यांना’ असा रफार उभा राहतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ ला स्वतंत्र स्थान आहे, तेच वापरावे. काही जण साध्या ‘र’नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून तेच रूप साधतात. दिसायला दोन्ही सारखी. परंतु यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द वाटतात, आणि शोधताना एकाने दुसरा सापडत नाही.

यंत्राकडून केलेल्या भाषांतराबद्दल एवढेच सांगतो की, बागेचा ‘ताण’ मराठीतून हिंदीत जाताना ‘तनाव’ झाला होता. झाडांना मनस्ताप झाल्याची नोंद करणारी ती बहुधा पहिलीच वही.

चित्रांच्या फाइलींना देवनागरी नाव चालत नाही. लहान रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा, बस्स. सही करण्याची किल्ली व तिचा पासवर्ड प्रकल्पाच्या फोल्डरात ठेवू नये, कारण ते फोल्डर मित्रांत वाटले जाते आणि त्याबरोबर किल्लीही जाते. या मुलाने ती निराळी काढून ठेवली आहे.

बटणांवरील शब्द मात्र आम्ही एकट्याने ठरविले नाहीत. ‘सेव्ह’साठी आम्ही ‘जतन करा’ सुचविले होते, मुलाच्या आईने ते वाचून पाहिले आणि म्हणाली, “गुरुजी, जतन दागिन्यांचं करतात. हिशेब लिहून ठेवतात.” तेथे आता ‘लिहून ठेवा’ आहे. ‘अनडू’साठी आमच्याजवळ चार तत्सम शब्द तयार होते. तिने ‘मागे घ्या’ म्हटले. फाइलीत तेच गेले. ‘कॅरेट’ला हात लावू द्यायला ती तयार नाही, आणि बाजारात दुसरा शब्द कोणी बोलतही नाही.