पिकल्यावर मारलेला फवारा कुठे जातो?



परवा शेजारच्या शिवारातला एक पोरगा आला. त्याचा हरभरा बहुतेक पिवळा पडलाय, पण सखल भागातला पट्टा अजून हिरवा आहे आणि मधे मधे चंदन बटवा घाट्यांच्या वर गेलाय. हार्वेस्टरवाला म्हणाला, हिरवं असेल तर मशीन चोंदतं, मी येणार नाही. पोरगा कृषी सेवा केंद्रात गेला. तिथे उपाय तयारच होता. "पॅराक्वाट मार. तीन दिवसांत सगळं करपतं, चौथ्या दिवशी मशीन घाल."

मला विचारत होता, "काका, पंपाला किती घेऊ?"

मी म्हणालो, "घेऊच नको." तो हसला. "तुम्हीच तर मुगाला मारलं होतं की!"

खरं आहे. मारलं होतं. पाऊस तोंडावर होता, शेंगा तोडायला माणूस मिळत नव्हतं, आणि दुकानदाराने हाच सल्ला मलाही दिला होता. शेंगा वाळल्या, मळणी झाली, माल आडतीवर गेला. कुणी एका शब्दाने विचारलं नाही, भावही इतरांइतकाच मिळाला. पण घरच्या डाळीसाठी मी फवारा न मारलेल्या कोपऱ्यातला मूग वेगळा काढून ठेवला होता. न सांगता, न बोलता. बायकोने विचारलं, "हा वेगळा का?" मला उत्तर देता आलं नाही.

जे आपल्या पोरांच्या ताटात नको, ते दुसऱ्याच्या पोरांच्या ताटात कसं चालतं? तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेला नाही. म्हणून आज जरा स्पष्ट लिहितो.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. मी सगळ्या तणनाशकांच्या विरोधात बोलत नाहीये. खुरपणीची मजुरी काय झालीय ते मलाही माहीत आहे. पेरणीनंतर उगवणीआधी किंवा पीक लहान असताना, लेबलवर लिहिलंय त्या पिकात, लिहिलंय त्या प्रमाणात मारलेलं औषध आणि काढणीच्या आठवड्यात मारलेलं औषध यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याला विरायला दोन-तीन महिने मिळतात आणि तेव्हा दाणाच भरलेला नसतो. दुसरं मारतो तेव्हा दाणा तयार असतो आणि चार दिवसांत तो पोत्यात जातो. प्रतीक्षा कालावधी म्हणून जे आपण शिकलो, त्याला तिथे जागाच उरत नाही.

पॅराक्वाट स्पर्शजन्य आहे. जिथे पडतं तिथे करपवतं, झाडात फार फिरत नाही. दुकानदार म्हणतो, "टरफलावर राहतं, डाळ साफ असते." बरं, टरफल कुठे जातं? चुनी म्हणून जनावराला. भुसकट गव्हाणीत. फुटाणे आणि उसळ तर आपण टरफलासकट खातो. आणि हे ते औषध आहे की चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. पिकलेल्या मुगावर, हरभऱ्यावर वाळवणीसाठी मारायला त्याला लेबल क्लेमही नाही. म्हणजे उद्या काही निघालं तर दुकानदार मोकळा, कंपनी मोकळी, सापडणार फक्त तुम्ही.

ग्लायफोसेटचं वेगळं आहे. ते आंतरप्रवाही. पानातून शिरतं आणि झाड जिकडे अन्न पाठवतं तिकडे जातं. दाणा भरत असताना अन्न दाण्याकडेच जात असतं. म्हणून परदेशात लेबलवर अट असते की दाण्यातली ओल 30 टक्क्यांच्या खाली आल्यावरच मारा. पण एका शेतात सगळी झाडं एकदम पिकतात का? सखलातला हिरवा पट्टा डोळ्यांसमोर आणा. आणि एकदा दाण्याच्या आत गेलं की धुऊन निघत नाही, भाजून-शिजवूनही फारसं मोडत नाही. गव्हात ते मैद्यापेक्षा कोंड्यात जास्त सापडतं. म्हणजे तब्येतीसाठी कोंड्यासकट खाणाऱ्याच्या वाट्याला जास्त.

आता म्हणाल, आपल्याकडे ग्लायफोसेट पिकावर कोण मारतं? कागदावर तर त्याला चहा आणि बिनपिकाची जमीन एवढीच मुभा आहे, आणि ऑक्टोबर 2022 पासून केंद्राने ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांनीच मारायचं असं ठरवलंय. बांधावर आणि चोरट्या कपाशीत काय चालतं ते तुम्ही-आम्ही बघतोच. पण डाळीतला मोठा वाटा बाहेरून येतो. कॅनडात हंगाम आखूड, सप्टेंबरात थंडीचा कडाका, म्हणून मसूर, वाटाणा, गहू, ओट यांवर काढणीआधी ग्लायफोसेट मारायला तिथे रीतसर परवानगी आहे. तीच मसूर आपल्या वरणात येते. तोच पिवळा वाटाणा डिसेंबर 2023 मध्ये सरकारने बिनशुल्क आत सोडला. त्याचं पीठ स्वस्त बेसनात मिसळतं. शेव, फरसाण, पाकिटातली भजी. आपला हरभरा आडतीवर पडून, आणि आपलीच पोरं पाच रुपयांच्या पाकिटात तो वाटाणा खाताहेत.

2018 साली हा विषय गाजला तेव्हा कळलं की डाळींमध्ये ग्लायफोसेट किती चालेल याचा आपला स्वतःचा आकडाच नाही. एफएसएसएआयने सांगितलं, तोवर कोडेक्सचा आकडा धरा. मसूरसाठी तो किलोमागे 5 मिलिग्रॅम आहे. आपल्या नियमात जिथे एखाद्या औषधाला आकडा दिलेला नाही तिथे साधारणपणे 0.01 मिलिग्रॅम धरतात. दोन्हींत 500 पटींचा फरक! हा फरक कुणाच्या सोयीचा, ते तुम्हीच ठरवा.

हे आकडे ठरतात कसे तेही बघा. युरोपात मसूरसाठी आधी 0.1 होता. 2012 मध्ये तो 10 केला. शंभर पट. त्या वर्षी युरोपातल्या माणसाचं पोट शंभर पट मजबूत झालं का? नाही. परदेशात मसूर फवारा मारून वाळवू लागले होते आणि तो माल बंदरात अडकू नये म्हणून कंपनीने आकडा वाढवून मागितला. तपासणाऱ्यांनी धोका नाही असं म्हणून तो दिला. म्हणजे ही मर्यादा मुळात शेतात काय चालतं यावरून येते. ताटात किती असावं यावरून नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर कृषी पदवीधर मित्र माझे कान धरतील. युरोपच्या संस्थेने ग्लायफोसेटसाठी रोजचं सुरक्षित प्रमाण वजनाच्या किलोमागे 0.5 मिलिग्रॅम धरलंय. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 30 मिलिग्रॅम. म्हणजे 5 मिलिग्रॅमवाली मसूर रोज 6 किलो खाल्ली तर तो आकडा गाठतो. तेव्हा एक वाटी वरणाने कुणी आजारी पडेल असं मी म्हणत नाही, आणि कुणी तसं मेसेज फिरवत असेल तर पुढे ढकलू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं. अमेरिकेच्या आणि युरोपच्या नियामक संस्था म्हणतात, तसं दिसत नाही. भांडण मिटलेलं नाही.

पण बघा, जे सुरक्षित म्हणतात त्यांनीच काय केलं. युरोपने 2023 मध्ये ग्लायफोसेटची मुदत 10 वर्षांनी वाढवली, पण काढणीची वेळ साधायला आणि मळणी सोपी व्हायला त्याने पीक वाळवणं बंद केलं. औषध ठेवलं, ही पद्धत काढून टाकली. कारण साधं आहे. ही फवारणी पीक वाचवायला नसते, मशीनच्या सोयीसाठी असते. चार दिवसांच्या सोयीसाठी अख्ख्या गिऱ्हाइकाच्या अन्नात औषध का सोडायचं? याचं उत्तर मला अजून कुणी दिलं नाही.

"रिपोर्टमध्ये तर काही येत नाही," असंही ऐकतो. येणार कसं? ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट नेहमीच्या मल्टी-रेसिड्यू चाचणीत पकडलेच जात नाहीत. त्यांची चाचणी वेगळी करावी लागते, पैसे वेगळे मोजावे लागतात. जे शोधलंच नाही ते सापडत नाही. द्राक्षवाल्यांना 2010 आठवत असेल. लिहोसिन, म्हणजे क्लोरमेक्वाट, आपल्या तपासणीच्या यादीत नव्हतं. इथले रिपोर्ट स्वच्छ, आणि माल युरोपात अडकला. कंटेनरच्या कंटेनर. कर्ज कुणाच्या डोक्यावर बसलं? ज्याने मारायला सांगितलं त्याच्या नाही. डाळीचंही तेच होणार. आज कुणी शोधत नाही म्हणून चाललंय. ज्या दिवशी एखाद्या बेसनाच्या पाकिटात पॅराक्वाट निघेल, त्या दिवशी बातमी आयात वाटाण्याची होणार नाही, "शेतकरी विष पिकवतो" अशीच होईल.

म्हणून सरकारला म्हणणं एवढंच. बंदरावर प्रत्येक डाळीच्या खेपेची या दोन औषधांसाठी वेगळी तपासणी करा आणि निकाल लोकांपुढे ठेवा. बाहेरच्या मालाला ढील आणि आमच्यावर बोट, हे चालणार नाही. डाळमिलवाल्यांना म्हणणं, काढणीआधी फवारा नको ही अट खरेदीत घाला आणि तसा माल देणाऱ्याला क्विंटलमागे दोन पैसे जास्त द्या. 2015 मध्ये ग्रेन मिलर्स या मोठ्या ओट खरेदीदाराने कॅनडातल्या शेतकऱ्यांना सांगितलं, काढणीआधी ग्लायफोसेट मारलेला ओट घेणार नाही. कारण त्यांनी दळणाच्या प्रतीचं दिलं होतं, पण शेतकऱ्याने फवारा थांबवला तो गिऱ्हाइकाच्या शब्दावर. कृषी विद्यापीठांना म्हणणं, हार्वेस्टरला चालणारे उंच वाण दिलेत, चांगलं केलंत. आता हिरवा पट्टा आणि तण यांचं काय करायचं तेही शिफारशीत लिहा. नाहीतर ती शिफारस दुकानदार देतो.

आणि आपल्याला म्हणणं. पेरणी एका खोलीवर, एकाच वाणाची करा. घाटे भरल्यावर पाणी तोडा. सखल पट्टा वेगळा धरा, तो हाताने सोंगा, चार दिवस उन्हात पडू द्या आणि मग मळणी करा. मोठं तण मशीन येण्याआधी उपटून बांधावर टाका. खर्च येतो, नाकारत नाही. पण तो खर्च दिसतो तरी. फवाऱ्याचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर जातो, आणि फिरून आपल्याच गव्हाणीत, आपल्याच पोरांच्या पाकिटात येतो.

त्या पोराने शेवटी पट्टा सोंगला. चंदन बटवा उपटायला मी आणि माझा भाऊ गेलो, दीड दिवस लागला. मशीन आठवड्याने आलं. पोरगा थोडा नाराज आहे, त्याचे पैसे उशिरा मिळणार. पण माल भरताना म्हणाला, "काका, यातलं एक पोतं घरी ठेवतो. कुठल्याही ढिगातलं चालेल."

मला एवढंच हवं होतं. यंदा तुमच्या शेतातला माल पोत्यात भरताना स्वतःला विचारून बघा, घरचं पोतं वेगळं काढावंसं वाटतंय का?