निलंबन कोणाचे, सेवासमाप्ती कोणाची?

जबलपूर : शासकीय आदेशांचे भाषांतर करताना काही शब्द असे भेटतात की, त्यांच्यातील खरे अंतर कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. ‘निलंबित’ आणि ‘सेवा समाप्त’ ही त्यांपैकीच एक जोडी. रुग्णालयात दुर्घटना घडली की हे दोन्ही शब्द एकाच कारवाईत शेजारी शेजारी येऊन बसतात. पहिल्या शब्दामागे निर्वाहभत्ता असतो, आरोपपत्र व चौकशी असते, निर्दोष ठरल्यास परतीची वाट असते. दुसऱ्यामागे यातले काहीच नसते. कोणाच्या वाट्याला कोणता शब्द यावा, हे पुष्कळदा चुकीच्या गांभीर्यावरून नव्हे, तर नियुक्तिपत्राच्या प्रकारावरून ठरते.

९ जानेवारी २०२१ रोजी पहाटेपूर्वी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी १० दगावली. २१ जानेवारीस शासनाने कारवाई जाहीर केली. जिल्हा शल्यचिकित्सकांसह तिघे निलंबित झाले. एक कंत्राटी बालरोगतज्ज्ञ आणि दोन कंत्राटी परिचारिका यांची सेवा समाप्त झाली. पुढे पोलिसांनी गुन्हा नोंदविला तो त्या दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली व त्या दिवशी ११ रुग्ण मृत्युमुखी पडले. पुन्हा तोच क्रम : वर निलंबन, खाली दोन परिचारिकांची सेवासमाप्ती, आणि अटक झाली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्याला व तीन परिचारिकांना.

आमच्या जबलपुरात १ ऑगस्ट २०२२ रोजी दमोह नाका भागातील एका खाजगी रुग्णालयात आग लागून ८ जण मरण पावले. त्या रुग्णालयाच्या अग्निशमन ना-हरकत दाखल्याची मुदत मार्च महिन्यातच संपलेली होती आणि आत-बाहेर जाण्यास वाट एकच होती. येथे संचालकांवर गुन्हे दाखल झाले, आरोग्य खात्यातील अधिकारी निलंबित झाले. मात्र रुग्णालयाचे काही कर्मचारी येथे मृतांच्या यादीत होते. विजेच्या तारा कोणी जोडाव्यात, दुसरा जिना केव्हा बांधावा, मुदत संपलेल्या दाखल्यावर रुग्णालय चालू ठेवावे की नाही, यांपैकी एकही निर्णय रात्रपाळीच्या परिचारिकेच्या हाती नसतो. तिच्या हाती असते ती फक्त सही करावयाची हजेरी.

मग परिचारिकेची चूक कधी होतच नाही काय? असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आग लागली त्या वेळी कक्षात कोणीही उपस्थित नव्हते, हा भंडाऱ्यातील आरोप गंभीर होता. सरकारी रुग्णालयात मूल घेऊन येणारी आई ही आपल्याच वर्गाची आहे. तिला उत्तर मागण्याचा पूर्ण अधिकार आहे. ‘आमच्या सभासदाचे काहीच चुकले नाही’ एवढेच म्हणून थांबणारी संघटना त्या आईला गमावते. परंतु कक्षात परिचारिका का नव्हती, त्या रात्री किती जणींवर किती कक्षांचा भार होता, हे न विचारता दिलेले उत्तर हे त्या आईचीही फसवणूकच आहे.

ही केवळ आपल्याकडची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील वैद्यक संस्थेने १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात तेथील रुग्णालयांत दरवर्षी ४४ ते ९८ हजार रुग्ण चुकांमुळे मरत असल्याचा अंदाज मांडला होता आणि बहुतेक चुकांचे मूळ व्यक्तीत नसून कामाच्या रचनेत असते, असा निष्कर्ष काढला होता. तरीही त्याच देशात नॅशव्हिल येथे २०१७ साली चुकीचे औषध दिले गेल्याने रुग्ण दगावला, तेव्हा परिचारिकेला कामावरून काढण्यात आले आणि २०२२ साली तिला दोषी ठरविण्यात आले. अशा शिक्षेमुळे चुका सांगण्यापेक्षा लपविण्याकडे कल वाढेल, अशी भीती तेथील परिचारिका संघटनेने व्यक्त केली. लपलेली चूक पुढच्या रुग्णाचा बळी घेते.

कायदा काय म्हणतो? आरोप कळविल्याशिवाय व बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय शासकीय सेवकास बडतर्फ करता येत नाही, असे घटनेचे ३११ वे कलम सांगते. १९५७ साली पुरुषोत्तमलाल धिंग्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, सेवासमाप्ती ही शिक्षा म्हणून असेल तर तात्पुरत्या सेवकासही हे संरक्षण मिळते. पण कंत्राटाची मुदतच अकरा महिन्यांची असेल, तर शिक्षा देण्याचीही गरज उरत नाही. नूतनीकरण केले नाही की काम भागते. खाजगी क्षेत्रात तर २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने गैरवर्तन व चौकशी यांचे नियम घालून देणाऱ्या स्थायी आदेशांची सक्ती ३०० वा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरतीच ठेवली. गल्लोगल्लीची नर्सिंग होम त्या मर्यादेखाली निर्धास्त आहेत. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय आमच्याच शहरात आहे. परंतु काम गेलेल्या परिचारिकेला त्याच्या पायऱ्या चढण्याइतके पैसे कोठून आणावयाचे?

म्हणून पक्षसभासदांनी आपल्या जिल्ह्यात पुढील मागण्या हाती घ्याव्यात. कंत्राटी असो वा कायम, आरोपपत्र व चौकशीवाचून कोणाचीही सेवा समाप्त होऊ नये. चौकशी समितीत परिचारिकांचा प्रतिनिधी व बाहेरचा तज्ज्ञ असावा. दुर्घटनेच्या रात्री किती रुग्ण व किती कर्मचारी होते, हा आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर यावा. चूक स्वतःहून कळविणाऱ्यास त्या कबुलीबद्दल शिक्षा होऊ नये. रिक्त पदे भरावीत, आणि अग्निसुरक्षेचा तपासणी अहवाल रुग्णालयाच्या दारावर लावावा.

या मागण्या परिचारिकेच्या जितक्या, तितक्याच रुग्णाच्याही आहेत. दोघांना एकमेकांसमोर उभे करून स्वतः बाजूला होणे, ही व्यवस्थेची जुनी रीत आहे. दोघांना एका बाजूस आणणे, हे आपले काम आहे.