लाल पट्टी दिसली म्हणून…
घरच्या संगणकावर ‘रिकव्हरी’ ड्राइव्हची पट्टी लाल झाली, की लोक घाबरून आतल्या फायली उडवायला बसतात. नेमकं तेच करू नये. मूळ विंडोज पुन्हा बसवण्याचं सामान ठेवायला कंपनीने राखलेली ती जागा बहुधा पहिल्या दिवसापासूनच भरत आलेली असते. विंडोज १० च्या एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर तर अनेकांच्या लपलेल्या रिकव्हरी विभागाला ड्राइव्हचं अक्षर चिकटलं आणि जागा संपल्याचे इशारे सुरू झाले. अक्षर काढताच ते थांबले. खरा घोळ होतो तो रोजच्या बॅकअपला चुकून हाच ड्राइव्ह नेमून दिल्यावर. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची हार्ड डिस्क निवडावी आणि जुने बॅकअप ‘मॅनेज स्पेस’मधूनच काढावेत. नाहीतरी मूळ फाइल आणि तिची प्रत एकाच डिस्कवर ठेवणं म्हणजे घराच्या दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात अडकवणं. डिस्क बिघडली की दोन्ही गेल्या. आणि बॅकअप घेतला म्हणून निर्धास्त राहू नये. अधूनमधून एखादी फाइल परत आणून, उघडून पाहावी. उघडली तरच तो बॅकअप म्हणायचा.