चिठ्ठ्या लावल्यात ना?

मॉलवाला रविवार सोडून मी पार्किंगमध्ये बाबांच्या मारुती ८००चं इंजिन उतरवत होतो. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. २०१४ साली गाडीचं प्रॉडक्शन थांबलं, बाबांचं प्रेम नाही!

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. मग कूलंट, ऑइल काढलं. बाबा प्रत्येक वायरला, पाइपला चिठ्ठी लावत होते.

"बाबा, लक्षात राहील हो!"

"काढताना सगळ्यांच्याच लक्षात असतं."

इंजिन चेनपुलीवर लटकलं. मी खाली हात घालणार, तोच बाबांनी कॉलर धरून मागे ओढलं.

"लटकत्या वजनाखाली जायचं नाही. आणि चिठ्ठ्या नीट वाच. मी नसताना तुलाच जोडायचंय."

दोस्तांनो, कूल वगैरे सगळं ठीक. मी गुपचूप पुढची चिठ्ठी लिहायला घेतली.